पाच घरांचा होकार

विकास निधी म्हटलं की आमच्या भागात लोकांना सभामंडप आठवतो, नाहीतर गटार, नाहीतर स्मशानभूमीची भिंत. मला मालिका लिहिण्यासाठी सरकारचा विकास निधी मंजूर झाला, असं मी घरी सांगितलं तेव्हा माझ्या नवऱ्याने जेवता जेवता विचारलं, "कोणत्या वॉर्डात?"

मी त्याला पत्र वाचून दाखवलं. जगभरच्या प्रेक्षकांनी बघावी अशी मोठी मालिका आपल्याकडेही लिहिली जावी, म्हणून ती योजना होती. चित्रीकरणाला त्यात काहीच नव्हतं. पैसे होते ते त्याच्या आधीच्या कामाला, म्हणजे लिहायला, फाडायला आणि पुन्हा लिहायला. वर्षभराची मुदत, सोबत एक अनुभवी सल्लागार, आणि शेवटी मुंबईत परदेशी वाहिन्यांच्या माणसांसमोर उभं राहून आपली गोष्ट सांगायची. त्यांना पटली तर पुढचा टप्पा. नाही पटली तर नाही.

"नाही पटली तर पैसे परत?"

"नाही."

"मग ते पैसे कशाचे?"

"विचार करायचे," मी म्हणाले.

तो वाळूजच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. ताटातला भात गोळा करत म्हणाला, "आमच्याकडे विचार करत उभं राहिलं तर मेमो मिळतो."

तो हसला, मीही हसले, पण त्या दिवसापासून वर्षभर मी धड एका जागी बसले नाही. कॉलेजात तास घेताना पुढचा प्रसंग डोक्यात असायचा आणि लिहायला बसलं की तपासायचे पेपर आठवायचे. आम्ही राहतो त्या वस्तीला टी.व्ही. सेंटर म्हणतात. मालिकेचं कळल्यावर स्टाफरूममध्ये एकजण म्हणाले, "मॅडम तर आधीपासूनच टी.व्ही. सेंटरला आहेत, आता फक्त आत जायचं बाकी आहे." संध्याकाळी मी टी.व्ही. सेंटरहून जाधववाडीच्या भाजी मार्केटपर्यंत उगाच चालत जायची आणि पिशवी रिकामी घेऊन परत यायची.

माझा जन्म मेंढरांच्या तळावरचा. सहाव्या वर्षी मला लासूर स्टेशनला आईच्या मावशीकडे ठेवलं आणि आई-वडील फिरतीवर गेले. दहावीपर्यंत तिथे, मग शहरात सरकारी वसतिगृह, शिष्यवृत्ती, एसटीचा पास. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या हातात आला. माझ्या शिक्षणात माझ्या बापाच्या चालण्याइतकाच, मला कधी न भेटलेल्या माणसांच्या कराचा पैसा आहे, आणि ते मी विसरलेले नाही. पण त्या उपकाराने मला एक खोड लागली. कुणी काही दिलं की माझ्या तोंडून आधी 'हो' निघतं. वसतिगृहात अधीक्षक बाईंनी खोली बदलायला सांगितली, हो. कॉलेजात जास्तीचे तास दिले, हो. समोरच्याचं वाक्य संपायच्या आधी माझी मान हललेली असते.

मालिकेची गोष्ट माझ्या आत्याची होती. आत्याचा जन्म पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यातला, एवढीच तिच्या वयाची नोंद. म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात ती बावीस वर्षांची असणार. नवरा तापाने खंगलेला, घोड्यावर बसवून न्यावा लागत होता. त्या वर्षी आत्या वाड्याच्या पुढे चालली. आमच्यात वाडा म्हणजे दगडाचं घर नव्हे. मेंढरं घेऊन एकत्र हिंडणाऱ्या घरांचा जथा, तो वाडा. आत्याच्या सासरच्या वाड्यात पाच घरं होती. लासूरच्या बाजूने निघून, पैठणच्या अलीकडे गोदावरीकाठी थोडं थांबून ते नदी ओलांडून खाली गेले. कुठल्या नाल्यात वाळू उकरली की पाणी लागतं आणि कुठल्या गावचे लोक खतासाठी मेंढरं शेतात बसवून घेतात, हे आत्याला तिच्या बापामुळे ठाऊक होतं. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आले होते. अर्ज करताना बारा पानांत लिहिलं आणि ते निवडलं गेलं.

माझ्या सल्लागार मॅडम मुंबईच्या होत्या. दर रविवारी सकाळी अकराला त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. त्या माझं पान न् पान मन लावून वाचायच्या. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्याचा दोष त्यांच्याकडे जात नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी त्या म्हणाल्या, "पाच घरं फार होतात. तिकडच्या माणसाला पहिल्या भागात पाच घरांतली पंचवीस माणसं लक्षात राहणार नाहीत. एक घर ठेवू या?"

"हो, मॅडम."

महिन्याभराने म्हणाल्या, "ही बाई एकटी निघाली तर? चारशे मेंढरं आणि एक बाई. हे चित्र जगात कुठेही कळेल."

"हो, मॅडम."

मग एका रविवारी त्यांनी विचारलं, "तिच्या मनात सलतंय काय? एवढं चालणारं माणूस मागे काहीतरी टाकून आलेलं असतं."

तेव्हा मी त्यांना सांगितलं की पाच घरांपैकी एक घर नदीच्या अलीकडे मागे राहिलं होतं. त्यांच्याकडे आजारपण होतं, एवढं मला माहीत होतं. मॅडम स्क्रीनच्या जवळ आल्या.

"त्यांना मागे ठेवायचं कुणी ठरवलं?"

"ते माहीत नाही."

"मग तिला ठरवू द्या. ते घर झोपेत आहे आणि पहाटे ही आपली मेंढरं हलवते. पुढचे सात भाग ती हे कुणालाच सांगत नाही."

"हो, मॅडम," मी म्हणाले, आणि खरं सांगायचं तर या वेळचं 'हो' भिडेपोटी नव्हतं. मला तो प्रसंग दिसला होता. दोन बैठकांत मी तो भाग लिहून काढला. त्याआधी मी एकांकिका लिहिल्या होत्या, रेडिओसाठी श्रुतिका लिहिल्या होत्या, पण इतकं चांगलं माझ्या हातून कधी उतरलं नव्हतं. नवऱ्याला वाचून दाखवला तर त्याने पूर्ण वेळ मोबाइलला हात लावला नाही. मॅडमनी परत पाठवताना समासात फक्त एवढंच लिहिलं होतं, 'आता मालिका सुरू झाली.'

मग योजनेच्या कार्यालयाकडून संमतीपत्राचा नमुना आला. गोष्ट जिवंत माणसाच्या आयुष्यावर असेल तर त्या माणसाची संमती हवी. 'मला ही कथा वाचून दाखवण्यात आली असून ती मला मान्य आहे.' खाली एक नाव, एक सही किंवा अंगठा. हे पत्र सोमवारपर्यंत पोहोचलं तरच मुंबईच्या त्या सादरीकरणात माझं नाव राहणार होतं. मला बारा दिवस मिळाले होते. त्यातले नऊ मी कपाटं आवरण्यात घालवले. आत्याला अंगठा मागायला मला संकोच नव्हता. तिला ते वाचून दाखवायचं, याच्या विचाराने मी भाजी चिरताना मध्येच उठून गॅलरीत जात होते.

शनिवारी सकाळी स्कूटी काढली. आत्याचा वाडा तेव्हा बिडकीनच्या पुढे होता. फोनवर तिच्या सुनेने, म्हणजे माझ्या वहिनीने, पत्ता सांगितला तो असा, "कंपनीचं लांबलचक तारेचं कुंपन लागंल. ते संपस्तोवर या. संपलं की आमीच."

कुंपण बराच वेळ संपलं नाही. आत नुसते रुंद रस्ते, दिव्यांचे खांब आणि मोकळे प्लॉट. ते संपल्यावर एका कपाशी उपटलेल्या रानात मेंढरं जाळीच्या फिरत्या कुंपणात, वाघुरीत, उभी होती. ती चरायला निघायला अजून तासभर होता. आत्या एका मेंढीचा पाय धरून तिला उभी ठेवत होती, कारण ती आपल्याच कोकराला पाजत नव्हती.

"आलीस व्हय," आत्या म्हणाली. "कॉलेज बंद पडलं का काय?"

"शनिवार आहे आत्या."

"शनवार सरकारला असतो, मेंढराला नसतो. बस."

मी उभीच राहिले. एकदा घोड्याजवळ गेले, एकदा चुलीजवळ. आत्या वैतागली. "बस की माय. बूड टेकव जरा. मेंढरू बी बिचकायलं तुझ्या फिरन्यानं."

मी बसले आणि कागद काढले. वाड्यातल्या इतर घरांची माणसंही जवळ आली. मी पहिला भाग वाचला तेव्हा सगळे खूश होते. आत्याच्या नवऱ्याच्या तोंडी मी एक लांब, हळवं बोलणं घातलं होतं. ते संपल्यावर आत्या म्हणाली, "एवढं बोलला असता तर मी त्याला वैदाकडं नेलं असतं." वहिनीने तोंडाला पदर लावला. दुसऱ्या घरातला एक म्हातारा आत्याकडे बघत म्हणाला, "वाच बाई, वाच. मामी तरनी झाली आज."

मग मी तो भाग वाचला. पहाट, झोपलेलं घर, मेंढरांच्या गळ्यातल्या घंटांत गवत कोंबणारी बाई. संपवून वर बघितलं तर आत्याने मेंढीचा पाय सोडून दिला होता.

"हे कुनी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मी लिहिलं."

"पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं. या वेळी मला त्यात काही चांगलं दिसेना.

"बाई," आत्या म्हणाली, "वाडा काय एकाच्या जिभंवर हलतो?"

मी कागद मांडीवर ठेवले.

"पाची घरं बसतेत. दर घराला इचारायचं. पाचीनं व्हय म्हनलं तर खुंटं उपटायचं. एकानं जरी नाय म्हनलं तर बसून ऱ्हायचं. एकदा आमी तीन दिस बसलो. काऊन? तर ह्याच्या आजीची शेळी व्यायला झाली व्हती." तिने त्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं.

"आन् व्याली बी नाय तिसऱ्या दिशी," म्हातारा म्हणाला. "चौथ्या दिशी वाटंत व्याली."

"त्या पाचव्या घरातली म्हातारी हलवन्याजोगी नव्हती. त्यांनीच म्हनलं, तुमी जा. त्यांनी व्हय म्हनलं, तव्हा आमी निघालो. सगळ्यांसमोर, दिसाउजेडी." आत्याने माझ्या मांडीवरच्या कागदांकडे बघितलं. "मला तू लई मोठी केलीस. त्येंच्या तोंडातला शब्द मातर काढून घेतलास."

मी म्हणाले, "आत्या, ते नाटक असतं. परदेशातल्या माणसाला कळायला पाहिजे. त्याला पाच घरं कळत नाहीत."

"परदेशात घरं नसतेत व्हय?"

वाडा पाचांना विचारून हलतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं. माझ्या बापाच्या तळावरही असंच बसत असणार, असंच विचारत असणार. पण मी सहाव्या वर्षी तिथून निघाले होते, आणि पुढे मला जे जे शिकवलं त्यात माणूस एकटाच उभा राहून काहीतरी ठरवत होता. मी तेच खरं मानलं आणि चांगल्या गुणांनी पास झाले.

तरीही मी पिशवीतून संमतीपत्र काढलं. आत्याने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"ह्याच्यावर किती अंगठं बसतेत?"

"एक."

"मंग ह्यो कागद आमचा नाय." तिने तो जपून घडी करून मला परत दिला. "चार घरं हितं हायेत, मी इचारते. पाचवं घर चितेगावला ऱ्हातंय. त्या घरातला पोरगा व्हता लहान, त्यो आता म्हातारा झाला. कंपनीच्या गेटावर बसतो. त्याला तू इचार. लिहिलंयस तू."

चितेगाव परतीच्या वाटेवरच होतं. दोन कारखान्यांच्या गेटांवर चौकशी केली, तिसऱ्यावर ते भेटले. साठी ओलांडलेले, खाकी शर्ट, समोर गाड्या नोंदवायची वही. आत्याचं नाव सांगितल्यावर ते उठले आणि आपली प्लॅस्टिकची खुर्ची मला दिली. मी बसले नाही, तेही बसले नाहीत. खुर्ची मध्ये तशीच राहिली.

मी सगळं सांगितलं. मधूनमधून ट्रक यायचे. ते जायचे, नंबर लिहायचे, दांडा वर करायचे आणि परत येऊन म्हणायचे, "हां, मंग?" झोपलेल्या घराचा प्रसंगही मी लपवला नाही. तो चुकीचा आहे आणि मी तो काढणार आहे, असंही सांगितलं.

"काढा," ते म्हणाले. "आमच्या बापानं व्हय म्हनलं व्हतं. मी तिथंच व्हतो, आठ-नऊ वर्साचा. बापानं म्हनलं, जावा, मेंढरं जगवा."

मला हायसं वाटलं. "मग काका, सही कराल?"

"कशावर?"

"गोष्टीला. वाडा पुढे गेला त्या गोष्टीला."

त्यांनी वही बंद केली. "म्याडम, ते निघाले तिथून तुमची गोष्ट त्येंच्यासंग गेली. आमी नदीकाठी हुबं व्हतो, ते बघून तुमी बी गेल्या. पुढं आमचं काय झालं ते हाय का तुमच्या टीव्हीत?"

"नाही."

"मंग माझा व्हय कशाला पायजे तुमाला?"

तेवढ्यात दोन ट्रक एकदम आले. ते परत येईपर्यंत मी त्या गेटासमोर चार-पाच येरझाऱ्या घातल्या. आल्यावर ते उभ्या उभ्याच सांगू लागले. म्हातारी आठवड्यात गेली. मेंढरं एकेक विकली, ती महिनाभर पुरली. मग आई-बाप धरणाच्या मातीकामावर लागले आणि ते स्वतः कामावरच्या माणसांना पाणी पाजायचे. बापाला माती उचलायची लाज वाटायची, म्हणून तो खांद्यावर घोंगडं टाकूनच टोपली उचलायचा, उन्हातसुद्धा. पुढे धरण भरलं. "जिथं आमी मागं ऱ्हायलो, ती जागा आता पान्याखाली हाय," ते म्हणाले. "वाडा परत आला तर दुसऱ्या वाटेनं आला. आमाला सापडनार कसा?"

मी वहीत काही लिहून घेतलं नाही. धाडस झालं नाही. निघताना त्यांनी विचारलं, "आता काय करता?" मी म्हणाले, "बघते." ते म्हणाले, "बघा."

दुसऱ्या दिवशी अकराला मॅडमचा कॉल आला. मी बसून बोलू शकेना. मोबाइल हातात धरून गच्चीवर फिरत बोलले, त्यामुळे त्यांना अर्धा वेळ माझ्या मागची पाण्याची टाकी दिसत असणार. सगळं सांगून झाल्यावर मी म्हणाले, "ती एकटी नव्हती, मॅडम. आणि तिने कुणाला टाकलं नाही. मी तो भाग ठेवू शकत नाही."

त्यांनी समोरची पानं चाळली. मग म्हणाल्या, "हे मला सहा महिन्यांपूर्वी का नाही सांगितलंत?"

"मला माहीत नव्हतं. आणि माहीत असतं तरी मी हो म्हणाले असते."

त्या रागावल्या नाहीत. "पाणी पाजणारा मुलगा आणि घोंगडं पांघरून माती उचलणारा बाप... हे तुमच्या बारा पानांत हवं होतं. अहो, हे पैसे असतात ते यासाठीच. चूक कागदावर असतानाच सापडावी. तिकडे दोनशे माणसं कॅमेरे घेऊन उभी राहिल्यावर सापडली तर काय कराल?" मग म्हणाल्या, "पण उद्याची तारीख माझ्या हातात नाही. असं करा. आत्याबाईंचा अंगठा आज घेऊन टाका. नाव यादीत राहू दे. बाकी आपण नंतर बदलू."

हे अगदी सरळ होतं. कुणाचं नुकसान नव्हतं. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "संध्याकाळी कळवते."

दुपारी वहिनीचा फोन आला. मागे मेंढरांचा आवाज. ती म्हणाली, झोपलेल्या घराचं ते काढायचं या अटीवर चारही घरांनी व्हय म्हटलं आहे. आणि आवाज खाली करून पुढे म्हणाली, "आत्याबाई म्हनत्यात, पोरीचं सरकारात लई नडलं असंल तर मी एकलीच देते अंगठा. ये म्हनावं."

तशी दुपार कुणाच्याच वाट्याला येऊ नये. आत्या माझ्यासाठी आपल्या वाड्याची रीत मोडायला तयार झाली होती. बिडकीनला जाऊन यायला दोन तास पुरले असते. मी स्कूटीची किल्ली घेतली, ठेवली, परत घेतली. नवरा दुसऱ्या पाळीसाठी डबा भरत होता. तो म्हणाला, "जायचं तर जा, नसेल जायचं तर किल्ली दे, मला आज बस चुकेल."

"तू काय केलं असतंस?"

त्याने डब्याचं झाकण लावलं. "ती देतेय म्हणते ना. मी असतो तर घेतला असता. पण नंतर तिच्याकडे जेवायला गेलो नसतो."

मी किल्ली त्याला दिली.

सोमवारी सकाळी मी कार्यालयाला अर्ज लिहिला. लासूरच्या शाळेत शिकवला होता तसा, विषय, महोदय आणि आपली विश्वासू. लिहिलं की ही कथा एका व्यक्तीची नसून पाच घरांची आहे. त्यांच्या रीतीप्रमाणे पाचांचा होकार लागतो. चार मिळाले आहेत, पाचवा मिळण्यासाठी कथेत मोठा बदल करावा लागेल आणि तो योग्य आहे असं मला वाटतं. सोबत पाच रकान्यांचा कागद जोडला. एक नाव मागणाऱ्या संगणकाने तो घेतला नाही, म्हणून वेगळ्या मेलने पाठवला. सरकारच्या पैशावर शिकलेली मी, सरकारला पहिल्यांदाच 'तुमचा नमुना आम्हाला पुरत नाही' असं कळवत होते.

आठवड्याने उत्तर आलं. संमती अपूर्ण असल्याने या वर्षीच्या सादरीकरणात प्रकल्पाचा समावेश करता येत नाही. दिलेला निधी परत करायची गरज नाही. कागदपत्रं पूर्ण झाल्यास पुढच्या फेरीत विचार होऊ शकेल, तसं आश्वासन मात्र देता येत नाही. मॅडमनी वेगळा निरोप पाठवला. त्यांनी समितीत माझी बाजू मांडली होती आणि ती सगळ्यांना पटली नव्हती. एकाने विचारलं होतं म्हणे, यात मुख्य पात्र कोण? मॅडमनी मला तोच प्रश्न पाठवून खाली लिहिलं होतं, 'उत्तर मला पाठवू नका, पानं पाठवा.'

मुंबईला इतर जण गेले. मी त्या दिवशी बारावीच्या वर्गावर व्याकरण शिकवत होते आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. वाईट वाटलं, ते नाकारत नाही. अजूनही कधी कधी वाटतं की इतक्या लोकांच्या पैशाची मी माती केली. मग पुन्हा लिहायला बसते.

आता मालिकेत दोन वाटा आहेत. एक नदी ओलांडून जाते, दुसरी धरणावर राहते. लिहिलेलं मी शनिवारी चितेगावच्या गेटावर वाचते, ट्रकांच्या मधल्या वेळात, आणि तिथून बिडकीनला किंवा जिथे वाडा असेल तिथे. काकांनी माझी बरीच वाक्यं खोडायला लावली. घोंगड्याचा प्रसंग ऐकून ते गेटाकडे गेले आणि ट्रक नसतानाही तिथेच उभे राहिले. मग येऊन म्हणाले, "हे बरूबर हाय."

सगळं बरोबर आहे, एका मेंढ्याखेरीज. त्यांच्या बापाकडे एक काळा एडका होता, आख्ख्या वाड्यात तसा दुसरा नव्हता. निरोपाच्या वेळी त्याचं काय झालं यावर दोन घरांचं जुळत नाही. आत्या म्हणते, त्यांच्या बापाने तो आपण होऊन दिला, वंश ऱ्हाईल म्हणाला. काका म्हणतात, बापाने तो परत मागितला होता, पण कळपात गेलेला एडका कुणी बाहेर काढला नाही. मी हे आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यो लहान व्हता." काकांना आत्याचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "लहान व्हतो, आंधळा नव्हतो."

दोन्ही प्रकारे लिहून बघितलं. मॅडम म्हणाल्या, दोन्ही चांगले आहेत, एक निवडा. मी नाही म्हणाले. आता हे मला जमू लागलं आहे. पाचवा रकाना अजून कोरा आहे, सहावा भाग तिथेच अडला आहे आणि पुढच्या फेरीची तारीख महिन्यावर आली आहे.

मागच्या आठवड्यात आत्या आपण होऊन म्हणाली, मला चितेगावला ने. पन्नास वर्षांत ती त्या घरासमोर गेलेली नाही. येत्या शनिवारी मी तिला स्कूटीवर मागे बसवून नेणार आहे. गेटावर दोन खुर्च्या मिळतील का, ते काकांना विचारून ठेवलंय. आत्याने मला बजावलं आहे की तिथे मी काही बोलायचं नाही.

"वही आणू का?" मी विचारलं.

"आन," ती म्हणाली. "आमी सांगंस्तोवर उघडू नको."